मधली खाडी

दाभोळच्या जेटीवर तिकीट-खिडकीत बसतो मी.
माणसाचं पुस्तक पिवळं, सायकलचं गुलाबी,
टेम्पोचं हिरवं.
फेरी धोपाव्याला गेली की परत येईपर्यंत
माझ्याकडे उरतो वेळेचा एक तुकडा
आणि संपलेल्या पुस्तकांचे पुठ्ठे, मागून कोरे.

त्यांच्यावर कॉमिक काढायचं ठरवलं
त्याला आता तीन वर्षं झाली.

पहिला नायक उडणारा होता.
झगा दिला त्याला, छातीवर अक्षर दिलं.
दुसऱ्याच चौकटीत खाडीवरचा वारा सुटला,
झगा आला तोंडावर,
आणि तो तसाच उभा, चाचपडत;
वाचवायचं कुणाला, ते मलाही ठाऊक नव्हतं.
मग रोबो काढला. त्याला खारी हवा बाधली.
तिसऱ्याचं नुसतं नाक झालं
तेवढ्यात वऱ्हाडाच्या चार गाड्या लागल्या रांगेत.

ओहोटीला होडी गाळात बसते ना,
तसं बसलेलं असतं डोकं. ढकलून हलत नाही.
नजीर मुकादम फेरीवर दोर फेकतो.
तो म्हणाला, गप बस, पाणी येल.
खरं आहे. पण पाण्याचं वेळापत्रक
माझ्या मागच्या भिंतीवर टांगलंय,
माझं कुठे टांगलंय?

खिडकीखाली खोका आहे, लोक विसरतात त्या वस्तूंचा.
तीन चपला, तिन्ही डाव्या.
कोकमाची बाटली, बूच घट्ट, उघडायची छाती होत नाही.
एका बाळाचं टोपरं.
आणि एक कवळी, खालची,
कागदात नीट गुंडाळलेली.

एका मंगळवारी कंटाळून ती कवळी समोर ठेवली
आणि दिसली तशी काढली.
नायक नाही, गोष्ट नाही. कवळी.
तर पेन्सिल थांबेना.
ही काढून ठेवली कुणी, भर खाडीत?
उलटी आली म्हणून? भांडता यावं म्हणून?
दुसऱ्या चौकटीत एक म्हातारा आला आपोआप,
पाव चहात बुडवत,
तिसऱ्यात त्याची सून, पाठमोरी,
तिच्या पाठीवरूनच कळत होतं
कवळीचा विषय घरात काढायचा नाही.

मग मला सवय लागली.
तिकीट फाडताना मी हात बघतो.
मेंदीचे, खवल्यांचे, ग्रीसचे.
कावळा रोज एकाच टेम्पोच्या टपावर बसून
फुकट पलीकडे जातो, त्याचं तिकीट कुठल्या रंगाचं?
वहिदा चोगले कोंबडी घेऊन जाते
आणि संध्याकाळी तीच कोंबडी घेऊन परत येते.
विचारलं नाही. विचारलं असतं तर
गोष्ट तिची राहिली असती.

चौकटींच्या मध्ये मी बोटभर जागा सोडतो.
नजीरनं तिथेच बोट ठेवलं:
हितं काय झाला?
काढलं नाही, म्हटलं.
मग मना कसा समाजला?
आणि तो गेला दोर सोडायला,
या काठावर माणसं चढवायला, त्या काठावर उतरवायला,
मधलं सगळं पाण्यावर सोडून.

सुलभा पावसकर आठवड्यातून एकदा येते,
दोन माणसं, म्हणते.
असते एकटीच.
मी दोन पिवळी तिकिटं फाडतो. 
तिला काढायला मला पावसाळा लागला.
बाकावर ती, मांडीवर पिशवी,
शेजारी नुसता बाक, त्याच्या फळ्यांच्या रेघा,
एका खिळ्याभोवती गंज.
सहा चौकटी. कुणी काही बोलत नाही.

पुठ्ठा खिडकीत राहिला होता, तिनं उचलला.
मी सुटे पैसे मोजत असल्यासारखं केलं.
नाक येवढा मोठा हाय काय माझा? ती म्हणाली.
मग बराच वेळ नाकाबद्दल नाही.
मागे टेम्पोवाला हॉर्न देत होता.
रिकाम्या बाकावर नख टेकवून म्हणाली,
चष्मा होता तेला.

आणि नोट सरकवली आत.
दोन माणसं.